सुरगाठ, निरगाठ

धंतोलीतल्या लॅबच्या तळघरात
मे महिन्यात बर्फाशिवाय मेण कापलं जात नाही.
म्हणून सकाळीच समोरच्या रसवंतीतून
दहा रुपयांचा बर्फ आणते
आणि त्यावर माणसांचे तुकडे ठेवते,
मेणात बसवलेले, नंबर टाकलेले.
पातं फिरतं. फीत निघते.
कोमट पाण्यावर अशी पसरते
की बाबांच्या मागावरचा पदर आठवावा.

आमचं घर गोळीबार चौकातलं, कोष्ट्याचं.
धागा तुटला की बाबा दोन बोटांनी सांधायचे
आणि विचारायचे, सांग, ही कोणती?
सुरगाठ. टोक ओढलं की सुटते.
आणि ही?
निरगाठ.
हिच्यापायी कधीकधी कापडच कापावं लागतं.

आज बरणीवर नाव : कुंदा सोनकुसरे, वय एकोणतीस.
माझी आतेबहीण.
आंघोळीच्या वेळी हाताला लागली म्हणे, डाव्या बाजूला,
बोराएवढी, बोटाखालून सरकणारी.
"दुखून नाही राहिली ना बाई, मंग काही नसंल."
मी गप्प बसले होते.
दुखत नाही, ही काही साक्ष नव्हे.
वाईट गाठी पुष्कळदा मुक्यानेच येतात.
आणि सरकते, हेही शेवटी बोटांचं म्हणणं.
बोटांना पोत कळतो,
आतली वीण कळत नाही.
म्हणून काच.
म्हणून जांभळा रंग, आणि त्यावर गुलाबी.

रिपोर्टवर सही करायचा हक्क माझा नाही.
डॉक्टर अकराला येतात.
पावणेदहाला मी दार लोटलं
आणि डोळा लावला.

काठ होता.
सबंध. चारी बाजूंनी.
आत पेशींची दाटी, गरजेपेक्षा जास्तच,
पण आपापल्या नळीभोवती बसलेली,
लग्नाच्या पंगतीसारखी.
शेजारची भिंत कुणी फोडली नव्हती.
वाढली होती ती ढकलत ढकलत,
घुसली नव्हती कुठे.
रक्ताच्या वाटेला लागून
हाडात, फुप्फुसात बिऱ्हाड करायचा
तिचा विचारच नव्हता.

सुरगाठ, बाबा.

ट्रेमध्ये दुसरी काच होती.
यादव लांजेवार, चौपन्न, जिभेची कड.
सोबतच्या कागदावर : खर्रा, तीस वर्षं.
काठ शोधत मी काच सरकवत राहिले,
वर, खाली, पुन्हा वर.
पेशी लहानमोठ्या, केंद्रकं फुगून काळवंडलेली,
ताण्यात शिरलेल्या, बाण्यात शिरलेल्या,
स्नायूच्या दोऱ्यादोऱ्यातून
वाट काढत खोल निघालेल्या.
मी या माणसाला ओळखत नाही.
तरी मघाचं हसू
तोंडातच कुठेतरी अडकलं.

अकराला डॉक्टरांनी दोन्हींवर सह्या केल्या.
पेन एकच.

दुपारी कुंदाचा फोन.
"साधीच निघाली ना? मंग येवढे काहून भेलो आपण?"
नानाकाकांचं मी तिला सांगितलं नाही.
त्यांच्या डोक्यातली गाठही साधीच होती,
काठाची, सभ्य.
नुसती बसून राहिली डोळ्याच्या नसेवर
आणि उजव्या डोळ्यातला दिवा गेला.
साधी म्हणजे भली असं नाही.
साधी म्हणजे गाव न सोडणारी.
पण गावात ती कुठे बसते, तेही पाहावं लागतं.
मी एवढंच म्हटलं,
सहा महिन्यांनी दाखवून ये. विसरू नको.

"अन् ते गाठ कुठी आहे आता?"
ड्रॉवरमध्ये, कुंदा.
चार हजार चारशे सतरा.
अठराव्याला टेकून.
मेण तेच, उंची तीच,
वरून पाहिलं तर बहीण कोण
आणि परका कोण, काही कळत नाही.

दाराशी रोशन उभा होता, आमचा शिपाई,
बावीस वर्षांचा,
पन्नीत खर्रा घोटत.
मी त्याचं मनगट धरून त्याला खुर्चीवर बसवलं.
नाव झाकलं. लाव डोळा, म्हटलं.
बराच वेळ तो पाहत राहिला.
मग म्हणाला,
"रंग मस्त आहे ना, ताई."